खुंटीवरचा दुपट्टा

दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या ओढणीवर सकाळी राखेचे बारीक ठिपके दिसले, आणि कळलं की मिल सुरू झाली.

दिवाळी होऊन गेली की आमच्या कामठ्याकडची हवा बदलते. बांध्यांमधलं पाणी आटतं, धान पिवळं होऊन वाकतं, कापलेल्या धानाचे कडपे उन्हात पडून राहतात. मग एके दिवशी गोंदियाच्या रस्त्यावरच्या राइस मिलच्या चिमणीतून धूर निघू लागतो. तिथे धान उकडून त्याचा उसना तांदूळ करतात, आणि ते उकडायला भट्टीत जळतो धानाचाच भुसा. त्याची राख इतकी हलकी असते की वाऱ्यावर बसून गावभर फिरते, पार गोंदियापर्यंत येते. तिच्यामागून येतो उकडलेल्या धानाचा गरम, आंबूस वास. इथल्या माणसांना त्या वासानं मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, आठवते, पाहुणे आठवतात, नव्या तांदळाचा भात आठवतो. मला भीती वाटते. इतकी वर्षं झाली तरी.

यंदा त्या भीतीला सोबत मिळाली आहे. मी आता गोंदियात राहते आणि तिथेच एका खाजगी कंपनीच्या कार्यालयात काम करते. लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या आणि निस्तरायच्या. आमच्या मोबाईलमध्ये सुट्ट्यांचं एक पान आहे. माझ्या भरपगारी सुट्ट्या तिथे वर्षभर जशाच्या तशा पडून आहेत. वर्ष संपलं की त्या जातील. कंपनी आम्हाला गोड भाषेत पुन्हा पुन्हा सांगते, सुट्टी घ्या, ताजेतवाने होऊन या. कोणी अडवत नाही, आणि कोणी घेतही नाही.

परवा बाबांचा फोन आला. "मंडई हाये पोरी सोमवारी. येजो."

"बघते," मी म्हटलं.

"पाहाचं काय त्याच्यात? सुट्ट्या हायेत नं तुझ्यापासी?"

शेजारच्या टेबलावरच्या पल्लवीनं ते ऐकलं. "तू जा ना यार," ती म्हणाली. "मैं देख लूँगी तेरा काम." ती अगदी मनापासून बोलली. मी सुट्ट्यांचं पान उघडलं आणि तसंच बंद केलं. तिनं माझं काम पाहिलं, आणि ते सहज झालं तर?

ही भीती मला शोभत नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा त्या मिलमध्ये बॉयलरवर होते आणि कामगारांच्या संघटनेतही होते. गुलाबी, पिवळ्या, स्वस्तातल्या कागदांचे गठ्ठे आमच्या घरी यायचे आणि वाटून उरलेले घरातच मुरायचे. फळीवरचे डबे त्यांच्यावर ठेवलेले, माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं, फुटाण्याची पुडी त्यांचीच. पहिलीत बाईंनी फळ्यावर 'क' काढला तेव्हा मी उठून "कामगार बंधूंनो" असं आख्खं म्हणून दाखवलं होतं. एका पत्रकाचा मजकूर तर बाबांनी स्वतः केला होता. भरपगारी सुट्टी ही मालकाची मेहरबानी नाही, ती आपण आधीच कमावलेली असते, असं त्यात होतं. मला ते तोंडपाठ होतं. घरी पाहुणे आले की बाबा मला ते म्हणायला लावायचे, जसं इतर घरांत मुलींना गाणं म्हणायला लावतात.

ते पत्रक लिहिणारा माणूस स्वतः सुट्टी घेत नव्हता. हे मला फार उशिरा दिसलं.

मिलमध्ये भट्टीशेजारच्या भिंतीत लाकडी खुंट्या ठोकलेल्या होत्या. ज्याची त्याची खुंटी ठरलेली. कामावर आल्यावर खांद्यावरचा पंचासारखा दुपट्टा काढून तिथे टांगायचा, घरी जाताना परत खांद्यावर टाकायचा. पण सुट्टीवर जाणारा माणूस दुपट्टा खुंटीवरच ठेवून, मोकळ्या खांद्यानं घरी जायचा. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसंच ते. हा नियम कोणी केला नव्हता, सेठला तो माहीत असेल असंही वाटत नाही. पण मिलमधला एकही माणूस तो मोडत नव्हता.

सदाराम नावाचा एक जण होता. त्यानं रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, सुट्टी घेतली, मंडईला घेतली, सासरवाडीच्या मंडईलाही घेतली आणि सगळ्या संपवल्या. हिवाळ्यात त्याला ताप आला. बरा होऊन परतला तेव्हा त्याच्या खुंटीवर दुसऱ्याचा दुपट्टा होता. सुट्ट्यांमुळे त्याची जागा गेली की आणखी कशामुळे, हे कोणी विचारलं नाही. पण तेव्हापासून मिलमधली माणसं सुट्टीला हात लावेनाशी झाली. "सुट्टी सिल्लक त मानूस सिल्लक," असं ती हसत हसत म्हणायची. सुट्टी आजारपणासाठी राखायची, आणि आजारपण आलं की पुढच्या, याहून मोठ्या आजारपणासाठी राखायची. ते मोठं आजारपण नेमकं कोणतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. सगळे त्याची वाट पाहत कामावर येत होते.

मला आठवतो तो मोसम मी कॉलेजात नुकती गेले होते तेव्हाचा. गावची मंडई होती. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत दुपारची दंडार, आमच्याकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य, रंगली होती. जिलेबीच्या तळणीचा वास, पिपाण्या, ढोलकी, बांधावर बसलेल्या बाया. दंडारीत एक नकल्या असतो, लोकांना हसवणारा. त्यानं पाटील झालेल्या माणसाच्या मागे जाऊन त्याच्या चालण्याची नक्कल सुरू केली. तोंडानं एक शब्द नाही. पाटील वळला की हा झाड होऊन उभा. आख्खी बांधी हसली.

मग बाबा हसले. सगळ्यांच्या नंतर. खोल विहिरीत टाकलेल्या दगडाचा आवाज उशिरा येतो, तितक्या उशिरा.

पुन्हा तसंच झालं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान जराशी तिरपी केली होती आणि कान लोकांकडे लावला होता. लोक हसले की ते हसत होते.

"बाबा, त्यानं काय केलं हो आत्ता?" मी विचारलं.

"केलं नं काहीतरी," बाबा म्हणाले. "लय नकल्या मानूस हाये तो."

मग एकेक गोष्ट आठवू लागली. गेल्या वर्षापासून पत्रक आलं की ते मला म्हणायचे, "तूच वाच बरं. तुझ्या आवाजात ऐकाले बरं वाटते." मला त्याचा अभिमान वाटायचा. ताटात भाजी कुठे आहे हे ते भाकरीच्या तुकड्यानं चाचपून बघायचे. संध्याकाळी सायकल हातात धरून चालत यायचे आणि म्हणायचे, पाय मोकळे होतात.

आई चुलीपुढे बसली होती. तिला विचारलं तेव्हा तिनं वळूनही पाहिलं नाही. "मोतीबिंदू हाये. दोन्ही डोऱ्यांत. मले माहीत हाये, मिलमंधल्या रामचरणले माहीत हाये, आता तुले माहीत झालं."

"मग ऑपरेशन करून टाकायचं ना. आजकाल काय अवघड आहे."

"सुट्टी लागते नं त्याले."

"सुट्ट्या तर सगळ्या शिल्लक आहेत त्यांच्या."

"घेतल्या असत्या त सिल्लक राहिल्या असत्या का?" आई म्हणाली आणि फुंकणीनं चूल फुंकू लागली.

बॉयलर ही गोष्ट मी लहानपणापासून पाहिलेली. पोटात वाफ कोंडलेला लोखंडाचा मोठा हंडा. त्याच्यावर एक गोल तबकडी, तिच्यात काटा. काटा तांबड्या रेघेपर्यंत जाऊ द्यायचा नाही. शेजारी एक काचेची नळी, आतलं पाणी किती आहे ते दाखवणारी. पाणी खाली जाऊ द्यायचं नाही. जास्त झालेली वाफ सोडणारी झडप वर असते, हे खरं. पण झडप आहे म्हणून काट्याकडे पाहायचंच नाही, असं कोणी करत नाही. माझे बाबा काट्यासमोर उभे राहत होते आणि त्यांना काटा दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आईऐवजी मी डबा घेऊन गेले. आत भट्टीची धग, धानाच्या टाक्यांमधून वाफ, आणि रामचरणकाकांचं गाणं. ते डोंगरगढकडचे, भट्टीत भुसा टाकायच्या कामावर. बाबांना भैया म्हणायचे. त्यांना गायची आवड आहे असं सगळी मिल समजत होती. मी दारातच थांबून ऐकलं.

"छे पे आयो काँटा, भैया, छे पे आयो..."

बाबांनी चाक थोडं फिरवलं.

"पानी आधा रे भैया, पानी आधा..."

बाबांनी दुसरं चाक फिरवलं. चेहरा शांत, समोर बघत असल्यासारखा. तेवढ्यात रामचरणकाकांना मी दिसले आणि गाणं थांबलं. भट्टीचा आवाज तेवढा उरला. बाबांचा हात चाकावरच राहिला. त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली. जत्रेत हात सुटलेल्या लेकरासारखा तो चेहरा मी अजून विसरलेली नाही.

"रामचरण? काऊन रे, गाऊन काऊन नाही राहिला?"

"तुम्हारी बेटी आई है, भैया," रामचरणकाका म्हणाले, आणि लगेच सुरात जोडलं, "काँटा छे पे है, काँटा छे पे..."

बाहेर राखेच्या ढिगापाशी मी त्यांना गाठलं. "काका, दिवाळीला घरी नाही गेले तुम्ही?"

"कैसे जाऊँ बेटा? नातिन हुई है बारिश में. अभी तक फोटो में देखी है." त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. "मैं गया तो काँटा कौन पढ़ेगा?"

"और कुछ हो गया तो?"

"हो गया तो सब साथ में ही हैं," ते हसून म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. गावात पोरं दिवाळीचे उरलेले फटाके उडवत होती. प्रत्येक आवाजाला मी अंगणात धावायची आणि चिमणीकडे पाहायची. धूर सरळ वर जात असला की परत आत यायची. रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला तेव्हा माझ्या हातातलं तांदळाचं सूप सांडलं. आईनं दाणे वेचले, कान बाहेर लावून. तीही तेच ऐकत होती. ती ते कधीपासून ऐकत होती, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

मिलच्या साप्ताहिक सुट्टीला बाबा आमच्या बांधीत धान कापायला गेले. आमच्याकडे सुट्टीचा अर्थ असाच, एक काम सोडून दुसऱ्या कामावर जायचं. मी सोबत होते. ते हातानं धानाची मूठ चाचपून विळा लावत होते. मी त्यांचंच पत्रक त्यांच्यावर फेकलं. आधीच कमावलेली सुट्टी मागायला लाज कशाची, असं विचारलं. ते हसले.

"पत्रक लिवनं सोपं रायते, पोरी."

"मग लिहायचंच कशाला?"

"दुसऱ्यानं घ्यावी म्हून."

मला राग आला. "दुसऱ्यानं घ्यावी? रामचरणकाकांना नात झाली आहे, बाबा. त्यांनी तिला अजून हातात घेतलेलं नाही. तुम्हाला वाटतं तुम्ही तुमच्या सुट्ट्या साठवून राहिले. तुम्ही त्यांच्या सुट्ट्या खाऊन राहिले."

बाबांनी विळा खाली ठेवला. दूर बांधावर कोणीतरी बैलांना हाकत होतं. मग त्यांनी विळा उचलायला हात पुढे केला. विळा समोरच होता. त्यांचा हात धसकटांवरून फिरत राहिला, बोटांना बारीक ओरखडे पडले.

"मले भेव लागते," ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "मशीनचं भेव नाही. मी नसतानी मशीन चालली त?"

मी विळा त्यांच्या हातात दिला. त्या वाक्याला उत्तर देणारं एकही पत्रक आमच्या घरात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते फाटकाजवळच्या टेबलाशी सेठसमोर उभे राहिले, मी फाटकापाशी. सेठ वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, वाईट माणसाविरुद्ध काय लिहायचं ते मला ठाऊक होतं. "सीजन निकल जाने दे," तो मायेनं म्हणाला, "फिर जितनी चाहे छुट्टी ले. तू तो घर का आदमी है."

"काँटा दिखता नहीं, सेठजी," बाबा म्हणाले.

हमाल थांबले. सेठनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कब से?" त्यानं विचारलं. रामचरणकाका मान खाली घालून भुशाच्या टोपलीकडे बघत होते. सुट्टी लगेच मिळाली. बाबा भट्टीजवळ गेले, हातानं आपली खुंटी शोधली, तिच्यावर दुपट्टा नीट घडी करून टांगला आणि मोकळ्या खांद्यानं माझ्यासोबत घरी आले.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. धूर आणि धग टाळा, आराम करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबा काळा चष्मा लावून अंगणात खाटेवर बसून राहायचे. मिलचा भोंगा बॉयलरच्या वाफेवर वाजतो आणि कामठ्यापर्यंत ऐकू येतो. तो व्हायच्या बऱ्याच आधीपासून ते सावरून बसायचे.

भोंगा व्हायचा. वेळेवर.

"वाजला," बाबा म्हणायचे.

"वाजनच नं," आई म्हणायची. "तुमी काय तोंडानं वाजवत होते का?"

एखाद्या दिवशी तो उशिरा वाजावा, घरघरावा, अडखळावा, एवढीच त्यांची इच्छा होती. तसं झालं नाही. मी आजवर धमाक्याला भीत होते. आता त्या वेळेवर वाजणाऱ्या भोंग्यानं आमच्या अंगणातला माणूस रोज थोडा थोडा लहान होत चाललेला बघत होते. आरामात बाबा जितके थकले तितके कामावर कधी थकले नव्हते.

कायद्यानं माणसाला सुट्टी दिली, पण बेफिकीर होऊन ती घेण्याची सोय दिली नाही. ती सोय कोणी करायची? आपण सुट्टी साठवणाऱ्याला शहाणा म्हणतो, कामसू म्हणतो, निरोपाच्या कार्यक्रमात त्याचं कौतुक करतो. त्याला कशाची धास्ती होती, हे त्या कार्यक्रमात कोणी विचारत नाही. जिथे माणसाला विश्रांतीची भीती वाटते तिथे काहीतरी चोरलेलं असतं, आणि चोर समोर दिसत नसतो. माझा हा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये असं मला वाटतं.

बाबा परत गेले तेव्हा मीही गेले. रस्त्यावरूनच त्यांनी चिमणीवर रंगवलेली अक्षरं मोठ्यानं वाचली, लहान मुलासारखी, एकेक. आत गेल्यावर खुंटी दिसली. त्यांचा दुपट्टा तिथेच होता. त्याच्यावर दुसरा एक दुपट्टा टांगलेला होता. बॉयलरवर एक तरुण माणूस उभा होता, काट्याकडे बघत, गाण्याशिवाय.

बाबांनी वरचा दुपट्टा पडणार नाही अशा बेतानं खालून आपला ओढून काढला, झटकला, खांद्यावर टाकला. सेठनं शब्द पाळला. घरच्या माणसाला त्यानं फाटकावर राखणीला बसवलं.

त्याच दिवशी रामचरणकाका गावी निघाले. बाबांनीच त्यांना फाटक उघडून दिलं. "नवा पोरगा गाने बजाने का शौकीन नहीं है क्या रे?" बाबांनी विचारलं. "नहीं भैया," काका म्हणाले, "उसको दिखता है." दोघं हसले. मग रामचरणकाका खांदा मोकळा ठेवून स्टेशनच्या रस्त्याला लागले, आणि ते वळणाआड जाईपर्यंत बाबा बघत राहिले. बऱ्याच दिवसांनी त्यांना इतक्या लांबचं दिसत होतं.

मी केलं ते बरोबर होतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. पण बाबांची भीतीही खोटी निघाली नाही, आणि हे मला अजून कोणत्याही पत्रकात लिहिता आलेलं नाही. आता पत्रकं मी लिहिते. हक्काबद्दल लिहिते, तावातावानं. भीतीचा परिच्छेद दर वेळी कोरा राहतो.

यंदाच्या मंडईला, सोमवारी, मी गेले. मोबाईलवरच्या त्या पानावर बोट टेकवून सुट्टी घेतली होती. बांधी तीच होती, जिलेबीचा वास तोच, पिपाण्या त्याच. धान रचून केलेल्या पुंजण्यांवर राखेचा पातळ थर होता. बाबा माझ्या शेजारी मांडी घालून बसले होते, खांद्यावर दुपट्टा. माझ्या मुठीत मोबाईल होता. सकाळपासून पल्लवीचा एकही फोन आला नव्हता, काही अडलं म्हणून, काही सापडत नाही म्हणून. एकही नाही.

समोर नकल्या आला. पाटलाच्या मागे जाऊन त्यानं काहीतरी केलं. बाबा सगळ्यांच्या आधी हसले, खळखळून, मांडीवर थाप मारून. मग आख्खी बांधी हसली. मग लोक हसतायत हे माझ्या लक्षात आलं, आणि मी हसले.

बाबांचं हसू थांबलं. ते समोरचं सोडून माझ्याकडे बघू लागले. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून मुठीवर गेली, मुठीवरून परत चेहऱ्यावर आली.

"काऊन पोरी," ते हळूच म्हणाले, "तुलेबी दिसून नाही राहिलं का?"